उललेलं अंग, विसण आणि पुरचुंडी : 'बाथ सोक'ला मराठीत काय म्हणावं?

टोरांटोहून

एका चिठ्ठीवर लिहायला शब्द हवा आहे. इथे जानेवारीत घरातलं हीटिंग दिवसरात्र चालू असतं. हवा इतकी कोरडी होते की मुलांच्या नडगीवर नखाने ओढलं तर पांढरी रेघ उमटते. गेले दोन हिवाळे मी घरीच एक मिश्रण करते. वाटीभर ओट्स अगदी बारीक दळायचे, त्यात पाव वाटी दुधाची पावडर, थोड्या वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि चिमूटभर गव्हला कचोरा, तोही वासापुरता. हे सगळं मलमलच्या तुकड्यात बांधते आणि टबातल्या पाण्यात सोडते. मधूनमधून पिळलं की पाणी दुधाळ होतं. त्यात दहा मिनिटं बसलं की खाज बरीच थांबते.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून हेच द्यायचं ठरवलं आहे. तीस बांधून तयार आहेत. पण चिठ्ठीवर काय लिहू? 'बाथ सोक' लिहायला मन घेत नाही. 'उटणं' सुचलं होतं, पण साताऱ्याहून आईने फोनवर ठाम नकार दिला. 'स्नानचूर्ण' औषधाच्या दुकानातलं वाटतं. 'भिजवण' म्हटलं की मला रात्री भिजत घातलेली मटकी आठवते.

जाता जाता आणखी एक. आई म्हणते 'अंग उललंय', आणि माझे यजमान नागपूरचे, ते म्हणतात 'अंग फुटलंय'. दोन्हींत फरक आहे का?

पुण्याहून

ताई, तुमच्या आईंचं बरोबर आहे. उटणं हा शब्द संस्कृत 'उद्वर्तन'वरून आला. प्राकृतात 'उव्वट्टण' झालं, त्याचंच हिंदीत 'उबटन' आणि आपल्याकडे 'उटणे'. मुळात अर्थ आहे चोळण्याचा. उटणं पाण्यात घालत नाहीत, अंगाला लावून चोळतात. चिठ्ठीवर उटणं लिहिलंत तर निम्म्या जणी पुरचुंडी सोडून आतली पूड कालवतील आणि अंगाला घासतील.

कोरड्या त्वचेला तर हे उलटंच पडेल. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात उद्वर्तनाचे गुण सांगताना ते कफ कमी करणारं आणि मेद विरघळवणारं म्हटलं आहे, म्हणजे ते शोषून घेणारं काम आहे. म्हणूनच दिवाळीत आधी तेल आणि मग उटणं. 'अभ्यंग' म्हणजे अंगाला तेल लावणं, निव्वळ पहाटेची आंघोळ नव्हे. हल्ली पुष्कळ घरांत तेल गळून गेलं, 'अभ्यंगस्नान' हा शब्द तेवढा उरला, आणि मग उटण्याने अंग कोरडं पडतं अशी तक्रार ऐकू येते. दोष उटण्याचा नाही. शब्दातला अर्धा विधीच कुणी केलेला नसतो.

कोल्हापूरहून

'पुरचुंडी' हा शब्द वरच्या उत्तरात सहज येऊन गेला. माझं मत तिथेच थांबायचं. मलमलच्या तुकड्यात काही बांधून वर गाठ मारली की ती पुरचुंडी. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून बाळाच्या छातीला शेकतात, तीच ही. नवा शब्द घडवायची गरज मला तरी दिसत नाही.

पण चिठ्ठीवर 'कोमट पाणी' लिहिणार असाल तर एक आठवण करून देतो, ती म्हणजे विसण. आमच्या घरी तांब्याचा बंब होता. त्यातलं कढत पाणी घंगाळात काढायचं आणि त्यात बेताबेताने गार पाणी घालायचं. हे जे गार पाणी घालतात, ते विसण. 'विसण घाल गं', 'विसण जास्त झालं'. नव्या पिढीतले काहीजण मिसळून तयार झालेल्या कोमट पाण्यालाच विसण म्हणतात, पण मूळ अर्थ तो नाही. विसण म्हणजे निववण्यासाठी घातलेलं गार पाणी. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईने कोपर बुडवून पाहिल्याशिवाय विसण पुरेसं झालं असं कुणी मानत नसे.

टोरांटोच्या नळाला गरम आणि गार एकत्र येत असेल, तरी शब्द उपयोगाचा आहे. 'कोमट' ही स्थिती झाली. 'विसण' म्हटलं की हात आपोआप गार पाण्याकडे जातो.

नागपूरहून

फुटणं आणि उलणं यांत आमच्याकडे कुणी फरक करत नाही, आम्ही फुटणंच म्हणतो. ओठ फुटले, गाल फुटले, टाचा फुटल्या. पण पुस्तकी मराठी वाचताना मला असं वाटतं की 'उलणे'त चीर पडून तोंड उघडण्याचा भाव आहे. उन्हाने जमीन उलते, वाळताना लाकूड उलतं, भेंडीची शेंग उलते. 'फुटणे' त्याहून मोठं आणि अचानक होणारं. थंडीत त्वचा अचानक काही होत नाही. आधी पांढुरकी पडते, मग खरखरीत होते, मग ताणली जाते आणि शेवटी उलते. म्हणून तुमच्या सासरच्यांची क्षमा मागून सांगतो, इथे आईंचा शब्द जास्त नेमका आहे.

सांगलीहून

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. शब्दांच्या घोळामुळे कातडीला इजा होऊ शकते असे दोन प्रकार इथे सांगायलाच हवेत, कारण अशा कृती मराठीत भाषांतर होऊन फिरत असतात.

पहिला सोड्याचा. बऱ्याच कृतींत 'सोडा' एवढंच लिहिलेलं असतं. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, आणि तो त्वचेला चांगलाच दाहक आहे. डब्यावर नुसतं 'सोडा' असेल तर तो आंघोळीच्या पाण्यात कधीही घालू नये. आणि खाण्याचाही आधीच कोरड्या त्वचेला फार घालू नये, तोही अल्कधर्मीच.

दुसरा ओट्सचा. ओटला हिंदीत 'जई' म्हणतात. ते पाहून मराठीत कुणी 'जव' लिहितं, तर कुणी थेट 'जवस'. तिन्ही वेगळी आहेत. जव म्हणजे सातू, ज्याच्या भाजक्या पिठाचं सातूचं पीठ करतात. जवस म्हणजे अळशी, चटणीची. मराठीत ओटला ओटच म्हणावं, उगाच भाषांतर करू नये. जवस उकळलं तर त्याचं पाणी बुळबुळीत होतं आणि अंगाला मऊ लागतं, हे खरं. पण कच्च्या जवसाची पूड पुरचुंडीत बांधली तर तिचा चिकट गोळा होऊन बसेल.

ओटचा गुण ऐकीव नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये बारीक दळलेल्या ओटच्या पिठाला त्वचेचं रक्षण करणारा पदार्थ म्हणून मान्यता दिली. त्यातला पिष्टमय भाग पाणी धरून ठेवतो आणि त्वचेवर पातळ थर देतो. अट एकच, दळण बारीक हवं. पेलाभर पाण्यात चमचाभर पीठ ढवळून बघा. पाणी दुधाळ झालं तर ठीक, तळाशी रवा बसला तर पुन्हा मिक्सरमध्ये फिरवा.

रत्नागिरीहून

कोकणात थंडी ती कसली, असं देशावरचे लोक म्हणतात. तरी टाचांना भेगा आमच्याही पडतात. पावसाळ्यातल्या चिखल्या वेगळ्या. त्या सतत ओल्या राहिल्याने बोटांच्या बेचक्यात होतात. थंडीतल्या भेगा कोरड्या. दोन्हींवर एकच उपाय करणारे लोक पाहिलेत, म्हणून सांगते.

भेगांना आम्ही कोकमाच्या बियांचं तेल लावतो. त्याला भिरंडेल म्हणतात, कारण कोकणीत कोकमाला 'भिरंड' म्हणतात. तेल म्हणतात खरं, पण ते पांढुरक्या वडीसारखं घट्ट असतं. पळीत तापवून पातळ करायचं, सोसेल इतपत निवलं की भेगेत भरायचं आणि रात्रभर मोजे घालून झोपायचं. ताई, कुणी सुचवलं तरी ते पुरचुंडीत मात्र घालू नका. साधारण ४० अंशांच्या आसपास ते वितळतं, आणि विसण घातलेलं पाणी तेवढं गरम नसतं, असूही नये. नुसते कण तरंगत राहतील.

सांगलीहून

अगदी बरोबर. आणि खोबरेल, तिळेल घातलं तरी ते पाण्यात मिसळत नाही, वर तवंग धरतं. टबातून उठताना तो तवंग अंगाला लागतो, तो फायदा. पण टबाच्या तळालाही लागतो आणि पाय घसरतो. घरात लहान मुलं किंवा वयस्क माणसं असतील तर तेल पाण्यात नकोच. आंघोळ झाल्यावर अंग टिपायचं, पुसायचं नाही, आणि अंगात ओल असतानाच तेल लावायचं. टिपणे आणि पुसणे या दोन क्रियापदांतला फरक एरवी कुणी पाळत नाही. कोरड्या त्वचेला तो फार जाणवतो. पुसताना टॉवेल घासला जातो, टिपताना फक्त दाबला जातो.

एप्सम मिठाबद्दल कुणीतरी विचारीलच, म्हणून आधीच सांगते. ते जेवणातलं मीठ नाही, मॅग्नेशियम सल्फेट आहे. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडवट पाण्यावरून नाव पडलं. उललेल्या कातडीवर कुठलंही मीठ झोंबतं. शिणलेल्या पायांसाठी वेगळी पुरचुंडी करा, पण या मिश्रणात ते नको.

नांदेडहून

सगळे टबाविषयी बोलताहेत, आणि आपल्याकडे पाण्यात बसून राहायची रीतच नव्हती असा समज दिसतो. किनवट तालुक्यात उनकेश्वरला गरम पाण्याचं कुंड आहे. त्वचेच्या तक्रारी घेऊन लोक तिथे येतात आणि पाण्यात बसतात. नाव बघा, ऊन + ईश्वर. ऊन म्हणजे उष्ण. चोपडा तालुक्यातलं उनपदेव, राजापूरजवळचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, ही सगळी गरम झऱ्यांचीच ठिकाणं. 'ऊन पाणी' हा शब्दप्रयोग शहरात मागे पडला तरी गावांच्या नावांत टिकून आहे. तिथे कुणी 'सोक' करत नाही, 'कुंडात बसतात'. तेव्हा माझं मत, क्रियापद 'बसणे' ठेवा : 'या पाण्यात दहा मिनिटे बसा.'

पुण्याहून

उनकेश्वरच्या उदाहरणाबद्दल आभार, त्यामुळे एक गोष्ट आठवली. चरकसंहितेत स्वेदाचे, म्हणजे शेकून घाम आणण्याच्या उपचाराचे, तेरा प्रकार दिले आहेत. त्यांत 'परिषेक' आणि 'अवगाहन' असे दोन शेजारी येतात. परिषेक म्हणजे औषधी कोमट द्रव अंगावर धारेने ओतणं, अवगाहन म्हणजे त्यात बुडून बसणं. आपली तांब्याने घ्यायची आंघोळ परिषेकाच्या कुळातली, आणि टबातली अवगाहनाच्या. म्हणजे संकल्पना जुनीच आहे, शब्दही आहे. पण 'अवगाहन पुरचुंडी' मी हळदीकुंकवाच्या चिठ्ठीवर सुचवणार नाही. वैद्याच्या घरी शोभेल.

गेल्या शतकातही एक वळण आहे. उरुळीकांचनला १९४६ मध्ये गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. निसर्गोपचारामुळे 'कटिस्नान', 'बाष्पस्नान' असे शब्द मराठीत रुळले. त्या धर्तीवर 'ओटस्नान' करता येईल. शुद्ध आहे, पण ओठांशी गल्लत होईल.

कोल्हापूरहून

'न्हाणाची पुरचुंडी' कसं वाटतं? न्हाण हा 'स्नान'चाच तद्भव, आणि ऐकायला गोड.

रत्नागिरीहून

गोड आहे, पण बायकांच्या कानाला त्यात दोन गोष्टी आणखी ऐकू येतात. एक, 'आज न्हायले' म्हणजे डोक्यावरून पाणी घेतलं, केस धुतले. हे मिश्रण केसांत गेलं तर ओट्सचे कण निघता निघायचे नाहीत. दुसरी, 'न्हाण येणं' म्हणजे मुलगी वयात येणं. हळदीकुंकवाला आलेल्या आज्यांच्या मनात आधी तेच येईल. शब्दात वाईट काही नाही, पण इथे तो चुकीची खूण देईल. 'आंघोळ'च बरी, तिच्यात अंगावरून घ्यायचं हेही आलं.

नागपूरहून

'आंघोळीची पुरचुंडी'ला माझा दुजोरा.

टोरांटोहून

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीच्या ताई, पेल्याची चाचणी आजच केली. तीसपैकी अकरा पुरचुंड्या सोडून पीठ पुन्हा दळावं लागलं, तळाशी खरंच रवा बसत होता. एकीच्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, म्हणून तिच्या दोन पुरचुंड्या दुधाशिवाय केल्या आणि वर हिरवा दोरा बांधला.

चिठ्ठी अशी लिहिली आहे :

*आंघोळीची पुरचुंडी. उललेल्या अंगासाठी. टबात ऊन पाणी घेऊन विसण घाला, वाफ दिसता कामा नये. पुरचुंडी न सोडता पाण्यात पिळा. दहा मिनिटे बसा. अंग टिपा, पुसू नका, आणि ओलसर अंगालाच तेल लावा. एकदा वापरून टाकून द्या.*

आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, विसण तिथल्या मुलींना कळायचं नाही. मग पहिल्या पाच जणींना वाण देताना तोंडाने सांगून पाहिलं. चौघींनी शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. पाचवी सोलापूरची, ती एकदम म्हणाली, "आमची आजी इसण म्हणायची."