क्रॉनने दूधबिल ३१ तारखेला काढलं आणि १ तारखेला पुन्हा काढलं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या दूध संस्थेचं बिलाचं काम मी संगणकावर सांभाळतो. दूध सकाळ-संध्याकाळ येतं, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजून पावती निघते. बिल महिन्यात तीनदा होतं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. मे महिन्यापर्यंत मी ते ऑफिसच्या पीसीवर बटण दाबून काढत होतो. जूनमध्ये डेटाबेस भाड्याच्या सर्व्हरवर नेला (उबुंटू लिनक्स, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस) आणि बिलाची क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) क्रॉनला, म्हणजे ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामला, लावली. ओळ अशी आहे (रकाने क्रमाने मिनिट, तास, तारीख, महिना, वार). आकडे इथे मराठीत लिहितोय, फाइलमध्ये इंग्रजीच आहेत:

० ० */१० * *

क्वेरी साधी आहे. आजच्या तारखेआधीचे दहा दिवस घ्यायचे, उत्पादकागणिक बेरीज करायची, पशुखाद्याच्या उचलीचा हप्ता कापायचा आणि बिलाच्या टेबलमध्ये नोंद टाकायची.

११ जून, २१ जून, १ जुलै, ११ जुलै, २१ जुलै, पाचही वेळा हिशोब पैशापैशाने जुळला. ३१ जुलैच्या सकाळी मात्र बिल तयार होऊन पडलेलं दिसलं. सचिवांना वाटलं मी लवकर काढलं, मला वाटलं त्यांनी सांगून कुणाकडून काढून घेतलं. बिलं केंद्रांवर वाटली गेली, पैसेही बँकेत गेले. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, पुन्हा बिल! पहिलं २१ ते ३० जुलैचं, दुसरं २२ ते ३१ जुलैचं. म्हणजे नऊ दिवस दोन्हीकडे. दुसऱ्या बिलाची बँकेची फाइल सचिवांनी वेळेत थांबवली, पण उचलीच्या खात्यात हप्ता दोनदा जमा दिसतोय आणि ३१ जुलैच्या दुधाचे पैसे अजून कुणालाच मिळालेले नाहीत.

दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या एक काकू वही घेऊन आल्या. रोजचं लिटर आणि फॅट त्या स्वतः लिहून ठेवतात. "एकतीस तारखेचं दोन्ही वेळचं दूध कुठं गेलं?" एवढंच विचारलं त्यांनी. मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही, आणि ते मनातून जात नाहीये. ऑगस्टही ३१ दिवसांचाच आहे, त्यामुळे घाई आहे.

माझे प्रश्न:

३१ तारखेला हे चाललंच कसं?

दुसरं, मला बिल रात्री साडेबाराला काढायचंय. एका केंद्रावर रेंज नसते, त्यांची संध्याकाळची नोंद रात्री दहापर्यंत येते. आणि सकाळचं दूध घेऊन लोक यायच्या आत बिलं छापलेली हवीत. चाचणी म्हणून घड्याळाची वेळ फाइलीत लिहिणारी एक ओळ '३० ० * * *' अशी लावली, तर ती सकाळी सहाला चालली.

तिसरं, चुकून दोनदा चाललं तरी दोन बिलं निघू नयेत, यासाठी काय करता येईल?

---

रातवा:

दादा, घोळ */१० मध्येच आहे. आपण ते 'दर दहा दिवसांनी' असं वाचतो, क्रॉन तसं वाचत नाही. मागच्या वेळी कधी चाललो होतो हे तो लक्षातच ठेवत नाही. दर मिनिटाला उठतो, घड्याळ बघतो आणि मिनिट, तास, तारीख, महिना, वार हे रकाने जुळतात का एवढंच तपासतो. तारखेचा रकाना १ ते ३१ असा असतो. १ पासून दहा-दहाच्या उड्या मारल्या की १, ११, २१ आणि ३१. जूनमध्ये ३१ तारीखच नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही.

मिनिटांतही हेच होतं. */४० लिहिलं की दर चाळीस मिनिटांनी चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात ० आणि ४० या मिनिटांना चालतं, म्हणजे एकदा चाळीस मिनिटांचं अंतर आणि एकदा वीस. नेमक्या तारखा हव्या असतील तर १,११,२१ असं सरळ लिहावं.

वेळेचं म्हणाल तर तुमचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तिथले साडेबारा म्हणजे आपले सकाळचे सहा. तुमचं पहिलं बिलही रात्री बाराला निघत नव्हतं, पहाटे साडेपाचला निघत होतं.

---

धागाकर्ता:

रातवा, मनापासून आभार. मग तास बदलून बघतो. आपले रात्रीचे साडेबारा म्हणजे तिथले संध्याकाळचे सात, म्हणून '० १९ १,११,२१ * *' चालेल ना?

---

रातवा:

थांबा, तसं लावू नका! तिथले सात वाजतात तेव्हा तिथे अजून आदला दिवस असतो. आपल्या १ तारखेच्या रात्रीचे साडेबारा म्हणजे तिथल्या मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचे सात. म्हणजे तारखा लागतील १०, २० आणि 'महिन्याचा शेवटचा दिवस'. आणि हा शेवटचा दिवस साध्या क्रॉनमध्ये लिहिता येत नाही. कुठे २८, कुठे ३१.

लोक २८-३१ लिहून पुढे 'उद्या १ तारीख आहे का' अशी डेट कमांडची अट टाकतात. ते चालतं, पण त्यात टक्क्याचं चिन्ह येतं आणि क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या ओळींची फाइल) टक्का म्हणजे नवी ओळ! त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली नाही तर कमांड तिथेच तुटते. मी यात अख्खी दुपार घालवली आहे.

सर्व्हर फक्त तुमच्याच कामाला असेल तर त्याचं घड्याळच एशिया/कोलकाता करून टाका आणि क्रॉन रीस्टार्ट करा. तो जुनाच टाइम झोन धरून बसतो, म्हणून रीस्टार्ट विसरू नका. क्रॉनटॅबच्या वर 'क्रॉन टीझेड' (टाइम झोन सांगणारी ओळ) लिहा असं बऱ्याच ठिकाणी सांगितलेलं दिसेल. ते रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवरच्या क्रोनी या क्रॉनमध्ये चालतं, उबुंटूच्या नेहमीच्या क्रॉनमध्ये नाही. आणि चालत नाही तेव्हा काही तक्रारही करत नाही.

---

मुळाकाठ:

रातवा यांचं सगळं बरोबर आहे, पण माझं मत थोडं वेगळं आहे. बिलाचा कालावधी कोणता हे क्रॉनला ठरवू देऊ नका. त्याला फक्त रोज उठवायला सांगा: '० १९ * * *', रोज रात्री साडेबारा. महिनाअखेरीचा प्रश्नच मिटला.

तारखेचं सगळं गणित क्वेरीत घ्या. आधी भारतातली आजची तारीख काढा: 'नाऊ'ला 'ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता' लावून मग त्याची तारीख करा. नुसती 'करंट डेट' वापरलीत तर ती सेशनच्या (डेटाबेसशी त्या वेळी झालेल्या जोडणीच्या) टाइम झोनप्रमाणे येते, म्हणजे तुमच्याकडे एक दिवस मागची. मग बघा: आज १ ते १० मधली तारीख असेल तर शेवटचा पूर्ण झालेला कालावधी मागच्या महिन्याची २१ ते अखेर. ११ ते २० असेल तर या महिन्याची १ ते १०. २१ किंवा त्यापुढची असेल तर ११ ते २०. महिनाअखेर काढायला चालू महिन्याची पहिली तारीख घ्या आणि एक दिवस वजा करा. फेब्रुवारी आला तरी काही बदलावं लागत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. तुमची 'मागचे दहा दिवस' ही अट क्रॉनइतकीच चुकीची आहे. क्रॉन सुधारून १,११,२१ केला असता तरी १ ऑगस्टचं बिल २२ पासून निघालं असतं आणि २१ जुलैचं दूध गळालं असतं. १ मार्चला याच्या उलट: २८ दिवसांच्या फेब्रुवारीत १९ आणि २० तारीख दुसऱ्यांदा मोजली गेली असती. तिसरं बिल आठ, नऊ, दहा किंवा अकरा दिवसांचं असतं हे क्वेरीला माहीत हवं.

आता तिसरा प्रश्न. बिलाच्या टेबलवर उत्पादक क्रमांक आणि कालावधीची पहिली तारीख या दोघांवर मिळून युनिक बंधन (तीच जोडी पुन्हा पडू न देणारी अट) घाला आणि इन्सर्टला (नोंद टाकणाऱ्या आज्ञेला) 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' जोडा. बिल आधीच असेल तर दुसरं पडणारच नाही. उचलीचा हप्ताही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच होत नाही असा एक गट), आणि नवं बिल खरंच पडलं त्याच उत्पादकाचा कापा ('रिटर्निंग'ने ती यादी मिळते). याचा फायदा असा की सर्व्हर १ तारखेच्या रात्री बंद पडला तर २ तारखेच्या रात्री बिल आपोआप निघतं. साधा क्रॉन हुकलेली वेळ पुन्हा चालवत नाही.

झालेली चूक निस्तरताना जुन्या नोंदी पुसू नका. दुसऱ्या बिलाच्या आणि जादा हप्त्याच्या उलट नोंदी टाका, ३१ जुलैचं वेगळं पुरवणी बिल काढा. उद्या ऑडिटरने विचारलं तर सगळं कागदावर दिसलं पाहिजे.

---

चांदणी:

क्वेरीचा निकाल आणि एरर दोन्ही फाइलीत वळवा. क्रॉन ते मेलने पाठवू बघतो, आणि सर्व्हरवर मेलची सोय नसली तर काहीच हाती लागत नाही. दुसरं, पुढेमागे 'पहिल्या सोमवारी' असं काही लावायचं असेल तर '० ९ १-७ * १' लिहू नका. तारीख आणि वार दोन्ही दिले की क्रॉन दोहोंपैकी एक जुळलं तरी चालवतो. माझा अहवाल १ ते ७ रोज आणि वर प्रत्येक सोमवारी जात होता.

---

धागाकर्ता:

मुळाकाठ, तुम्ही सांगितलंत तसं आज दिवसभर बसून केलं. जुन्या डेटाची प्रत घेतली, आजच्या तारखेऐवजी वेगवेगळ्या तारखा देऊन क्वेरी चालवून बघितली. १ मार्च दिली तर बरोबर २१ ते २८ फेब्रुवारी आलं, १ ऑगस्ट दिली तर २१ ते ३१ जुलै. लागोपाठ तीनदा चालवलं, बिलं तेवढीच राहिली. उलट नोंदी टाकल्या, पुरवणी बिलाचे पैसे उद्या बँकेत जातील. चांदणीताई, लॉगची फाइलही लावली.

---

धागाकर्ता (१ सप्टेंबर):

धागा वर काढतोय, कारण सांगायचं राहून गेलं असतं. ११ आणि २१ ऑगस्टची बिलं नीट निघाली होती, पण खरी रात्र कालची होती. परवा रात्री, म्हणजे ३१ तारीख लागल्यावर, लॉगमध्ये 'इन्सर्ट ० ०' एवढंच होतं. एकही बिल पडलं नाही, म्हणजे हवं तेच झालं. काल रात्री जागा राहिलो. साडेबाराला क्वेरी चालली, प्रत्येक उत्पादकाचं एकच बिल, २१ ते ३१.

सकाळी काकू दूध घालायला आल्या तेव्हा मुद्दाम केंद्रावर थांबलो. अकरा दिवस, दोन वेळा, बावीस नोंदी. त्यांनी वही उघडून एकेक ओळ बोटाने लावून बघितली, बेरीज जुळली, आणि बिल घडी घालून वहीत ठेवलं.