टाचदुखी : एक्स-रेत हाड वाढलेलं दिसतंय, व्यायाम नेमका कोणता आणि किती?

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या काही पावलांना उजव्या टाचेत खालून जोराची कळ येते. चालल्यावर कमी होते, पण बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं आलं आहे. काम दिवसभर उभ्याचं. तळव्याखाली बाटली फिरवणं चालू आहे, फरक थोडाच. इंजेक्शन घ्यावं का? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

आधी अंगठ्याने दाबून दुखरी जागा शोधा. टाच संपून तळव्याची कमान सुरू होते तिथे, आतल्या बाजूला टोचल्यासारखं दुखलं तर प्लांटर फॅशियायटिसची, म्हणजे तळव्यातल्या पट्ट्याच्या दुखण्याची, शक्यता जास्त. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा जातो, त्याचं हाडाकडचं टोक अति ताणाने झिजतं. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. सकाळची कळ त्यातूनच येते. टाचेच्या मधोमध दुखत असेल तर तिथली चरबीची गादी तपासावी लागते. मागच्या बाजूला दुखत असेल तर पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या अकिलीस शिरेचं दुखणं असू शकतं, आणि त्याचे व्यायाम वेगळे.

वाढलेल्या हाडाची धास्ती घेऊ नका. टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही ते दिसतं. दुखणं थांबलं तरी ते तसंच राहतं.

प्रतिसाद २

बाटलीने तेवढ्यापुरता आराम पडतो, पट्ट्याची ताकद वाढत नाही. दोन गोष्टी करा.

पाय जमिनीला टेकवण्याआधी, पलंगावरच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. बोटं मुळापाशी धरून नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपा, पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. लागत नसेल तर ताण पोचतच नाहीये. १० सेकंद धरा, १० वेळा. दिवसातून ३ वेळा.

दुसरं, एक दिवसाआड पायरीवर टाचा उचलणं. टॉवेलची गुंडाळी बोटांखाली ठेवायची म्हणजे बोटं वर वळलेली राहतात. टाच मागे पायरीबाहेर. ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. एका पायावर १२ वेळा जमेल इतकंच वजन, ३ फेऱ्या. एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांवर सुरुवात करा. सोपं वाटू लागलं की पाठीवर पुस्तकांची पिशवी घ्या. घाईघाईने वरखाली केलं तर उपयोग नाही, संथपणा महत्त्वाचा.

धागाकर्ता

धन्यवाद! व्यायाम करताना दुखलं तर थांबायचं का?

प्रतिसाद २

थोडं दुखलं तर चालेल. दहापैकी ३-४ पर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढलेली नको. वाढली तर वजन किंवा फेऱ्या कमी करा, बंद करू नका. बहुतेक लोक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडून देतात. याला महिने लागतात. तोवर घरातही टाचेखाली मऊ पण कमानीला आधार देणारी चप्पल घाला, अनवाणी उभं राहू नका. कामावर दर तासाला दोन मिनिटं बसता आलं तरी ताण कमी होतो.

प्रतिसाद ३

इंजेक्शनबद्दल: स्टेरॉइडने काही आठवडे बरं वाटतं, पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, वारंवार घेतल्यास जास्तच. व्यायाम नीट करून पाहिल्यावरच, डॉक्टरांशी बोलून ठरवा.

मात्र काही लक्षणांत घरी प्रयोग नकोत. टाच दोन्ही बाजूंनी तळहातात दाबल्यावर कळ आली तर हाडाला बारीक चीर असू शकते, आणि ती सुरुवातीच्या एक्स-रेत दिसतेच असं नाही. तळव्यात मुंग्या किंवा जळजळ असेल तर नस दबलेली असू शकते. दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर अर्ध्या तासाहून जास्त आखडते असं असेल तर संधिवाताची तपासणी हवी. मधुमेहाने तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर बर्फ किंवा गरम पाण्याचा शेक अजिबात घेऊ नका, भाजलेलं कळतही नाही.