लाइट कॅरियरला 'हलकी विमानवाहू' म्हणायचं का?

गोदीकर
मंडळी, एक शब्द हवाय. दिवाळी अंकासाठी मॅजेस्टिक क्लासच्या विमानवाहू जहाजांवर लेख लिहितोय, म्हणजे आपली जुनी विक्रांत ज्या सहा जहाजांपैकी एक होती ती. (गिरगावकरांनी लगेच पुस्तकांकडे धावू नये, हे मॅजेस्टिक वेगळं.) इंग्रजीत या प्रकाराला लाइट फ्लीट कॅरियर म्हणतात. संपादकबाईंनी त्याचं सरळ 'हलकी विमानवाहू' करून पाठवलंय आणि मला ते वाचवत नाहीये. हलकी म्हणजे वजनाला कमी हे कबूल, पण हलका माल, हलक्या कानाचा, हलक्या दर्जाचं कापड, कुठेही बघा, शब्दाला एक उणेपणा चिकटलेलाच आहे. ७१ च्या युद्धात चितगाववर विमानं धाडणाऱ्या बोटीला हलकी म्हणायला जीभ रेटत नाही. तुम्ही काय वापराल?

शंकासुर
पण होतीच की हलकी! भावना बाजूला ठेवा आणि डिझाइन बघा. १९४२ साल, ब्रिटिशांच्या मोठ्या विमानवाहूंपैकी करेजस, ग्लोरियस, आर्क रॉयल तोवर बुडालेल्या, नवीन चिलखती बांधायच्या तर वर्षानुवर्षं लागणार, आणि दुसऱ्या टोकाला मालवाहू जहाजावर डेक ठोकून केलेल्या एस्कॉर्ट कॅरियर, ज्यांना ताफ्याबरोबर पळताच येत नाही. म्हणून मधला मार्ग काढला. व्हिकर्स-आर्मस्ट्राँगकडे आराखडा झाला, सांगाडा लॉइड्सच्या व्यापारी जहाजांच्या नियमांनी, कारण ज्या गोद्यांनी जन्मात युद्धनौका बांधली नाही त्यांनाही काम देता आलं पाहिजे. चिलखत नाही. विमानविरोधी छोट्या तोफा सोडल्या तर तोफा नाहीत. आयुष्य किती धरलं होतं माहितीये? तीन वर्षं, किंवा युद्ध संपेपर्यंत. याला हलकी नाही तर काय भारदस्त म्हणायचं?

गोदीकर
शंकासुर, तुम्ही अर्धंच सांगताय. सांगाडा व्यापारी पद्धतीचा, पण पोटातली मशिनरी युद्धनौकेचीच होती. क्रूझरला लावतात त्या धाटणीचे चार बॉयलर आणि टर्बाइन, ४०,००० अश्वशक्ती, वेग साधारण २४ नॉट. आणि यंत्रघरं दोन, एकाच्या शेजारी एक न ठेवता पुढेमागे तिरकी, म्हणजे एका टॉर्पेडोने दोन्ही एकदम बंद पडू नयेत. हा विचार मालवाहू बोटीत कोण करतो? शिवाय त्या आराखड्यावर १६ जहाजं मागवली होती, त्यातली पहिली १० कोलोसस क्लासची, आणि उरलेल्या सहांचं डेक नि लिफ्ट जास्त वजनाच्या विमानांसाठी मजबूत केलं म्हणून त्यांचा क्लास वेगळा, मॅजेस्टिक. म्हणजे आपली विक्रांत हलक्यातली जड.

भातखाचर
'हलक्यातली जड' वाचून हसू आलं. पण हलकी या शब्दाला उणेपणा चिकटलाय हे शहरातलं मराठी झालं. आमच्याकडे जमीन हलकी नि भारी असते, त्यात अपमान काही नाही, हलक्या जमिनीत नाचणी, वरी करायची, एवढंच. आणि तुम्हाला नेमका शब्द हवा असेल तर भाताकडे या. हळवं भात लवकर तयार होतं, गरवं उशिरा, आणि मधलं ते निमगरवं. एस्कॉर्ट कॅरियर म्हणजे हळवी, मोठी चिलखती ती गरवी, आणि तुमची मॅजेस्टिक निमगरवी. कापायला लवकर, उताराही बरा.

गोदीकर
भातखाचर, शब्द झकास आहे पण 'निमगरवी विमानवाहू' छापलं तर संपादकबाई मला फोन करून तब्येत विचारतील.

लालपरी
हलकी-भारी चालू द्या, माझी तक्रार दुसरी आहे. सध्या बातम्यांमधे 'विमानवाहक' घुसलंय. हे हिंदीतून आलं, तिकडे विमानवाहक पोत म्हणतात, त्यांचं ठीक आहे. पण महाराष्ट्रात वाहक म्हणजे एसटीचा कंडक्टर! चालक पुढे, वाहक मागे, हे गाडीत लिहिलेलं असतं. विमानवाहक म्हटलं की मला विक्रांतवरच्या सीहॉक लढाऊ विमानाला तिकीट फाडून देणारा खाकी कपड्यातला माणूस दिसतो. आपल्याकडे मालवाहू ट्रक आहे, ओझेवाहू जनावर आहे, -वाहू म्हणजे वाहून नेणं हेच ज्याचं काम. विमानवाहू हा इतका चांगला शब्द असताना तो का घालवायचा.

शंकासुर
यावर एकमत. नोंद करून ठेवा, पुन्हा होणार नाही.

पण 'लाइट'बद्दल अजून एक. नौदलात हा शब्द नेहमी वजनाबद्दल नसतोच. लाइट क्रूझर नि हेवी क्रूझर हा फरक १९३० च्या लंडन कराराने तोफेच्या तोंडावर ठरवला, ६.१ इंचाच्या आतबाहेर, जहाजाच्या वजनावर नाही. त्यामुळे काही लाइट क्रूझर हेवी क्रूझरपेक्षा वजनदार निघाल्या. म्हणून लाइट बरोबर हलकी असं डोळे मिटून करू नका हे तुमच्या बाजूचं मीच सांगतो. मात्र या कॅरियरच्या बाबतीत शब्द खरोखर वजनाचा आणि बांधणीचा आहे. विक्रांत भरल्या वजनी १९,५०० टन, लांबी ७०० फूट. नवी विक्रांत ४५,००० टनांच्या घरात.

यारा_नदीकाठची
मेलबर्नहून लिहितेय. इथे याच क्लासचं नाव काढलं की जुनी माणसं गप्प होतात. हलकी-जड या वादात हेही बघा. एचएमएएस मेलबर्न म्हणजे मुळातली मॅजेस्टिक, क्लासला जिचं नाव आहे तीच. १९५५ ला ऑस्ट्रेलियाच्या नौदलात आली, तिरकं डेक, विमान पुढे भिरकावणारा वाफेचा कॅटापुल्ट, उतरणाऱ्या पायलटसाठी आरसा, तेव्हाचं सगळं नवं तिच्यावर होतं. शत्रूवर तिने कधी एक गोळी झाडली नाही, पण दोन मित्र जहाजं कापली. १० फेब्रुवारी १९६४ च्या रात्री सरावात व्हॉयेजर नावाची स्वतःच्याच नौदलाची विनाशिका तिच्या पुढून आडवी गेली, मेलबर्नची नाळ तिच्यात घुसली, दोन तुकडे, ८२ माणसं गेली. पाच वर्षांनी, ३ जून १९६९ ला दक्षिण चीन समुद्रात अमेरिकेची विनाशिका फ्रँक ई. इव्हान्स तशीच आडवी आली, तशीच रात्र, तसेच दोन तुकडे, ७४ माणसं. इव्हान्सचा पुढचा भाग काही मिनिटांत बुडाला. दोन्ही वेळा मेलबर्न स्वतः तरंगत राहिली आणि नाळ दुरुस्त करून परत कामाला लागली. चिलखत नसलेली, तीन वर्षांसाठी काढलेली बोट ही! नाळ हा कोळ्यांचा शब्द मुद्दाम वापरलाय, 'जहाजाचे अग्रभागीचे टोक' वगैरे लिहू नका कृपया.

गोदीकर
नाळ लेखात जाणार, शंभर टक्के. शेवटही सांगा ना तिचा.

यारा_नदीकाठची
१९८२ ला निवृत्त, १९८५ ला भंगार म्हणून चीनला विकली. तिकडे तोडायच्या आधी चिनी नौदलाच्या लोकांनी डेक नि कॅटापुल्टचा नीट अभ्यास केला असं सर्रास लिहिलं जातं. तिची बहीण सिडनी मात्र खरी लढली, कोरियाच्या युद्धात १९५१-५२ ला. नंतर विमानं काढून तिला सैनिक वाहायला लावलं, व्हिएतनामच्या इतक्या फेऱ्या झाल्या की सैनिक तिला 'वुंग ताउ फेरी' म्हणायचे. विमानवाहूची माणूसवाहू झाली!

लालपरी
आता तिच्यावर वाहक चालला असता.

शंकासुर
बहीण शब्द बघा कसा सहज आला. छापील मराठीत हे 'भगिनी नौका' होतं. काय गरज आहे? आणि क्लासला श्रेणी म्हणतात तेही मला पटत नाही, श्रेणी म्हटलं की वरचा-खालचा आलाच, प्रथम श्रेणी अधिकारी वगैरे. वर्ग बरा, तो निदान बाकावर शेजारी बसवतो. एका आराखड्याची पोरं एवढाच त्याचा अर्थ. पुढे कोण काय करेल याची हमी नाही. कॅनडाकडे गेलेल्या दोघी बघा. मॅग्निफिसंट, तिला तिकडे लाडाने मॅगी म्हणायचे, सुएझच्या वेळी शांतिसेनेचं सामान घेऊन इजिप्तला गेली. दुसरी बोनाव्हेंचर, तिच्यावर साठच्या दशकात प्रचंड पैसा ओतून दुरुस्ती केली आणि १९७० ला काढूनच टाकली, तिच्यावरून कॅनडात बरीच बोंबाबोंब झाली होती.

जुना_टर्नर
उशिरा आलो. सगळं वाचलं. पोरांनो विक्रांतबद्दल कोणी बोलेल का नीट? तिचं मूळ नाव हर्क्युलिस. १९४३ ला टाइन नदीवर बांधायला घेतली, सप्टेंबर १९४५ ला पाण्यात सोडली, तोवर युद्धच संपलं. मग अर्धवट पडून राहिली कितीतरी वर्षं. जानेवारी १९५७ ला आपण विकत घेतली आणि बेलफास्टला, म्हणजे टायटॅनिक जिथे बांधली त्याच हार्लंड अँड वुल्फकडे, तिरकं डेक, वाफेचा कॅटापुल्ट वगैरे बसवून पुरी केली. ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते नौदलात आली, नोव्हेंबरात मुंबईला. त्याला पेपरातसुद्धा 'जलावतरण' छापतात लोक, चूक आहे ते. जलावतरण १९४५ चं. १९६१ ला ती नौदलात दाखल झाली. दोन्हींमधे सोळा वर्षं गेली.

जुना_टर्नर
आणि हलकीचं म्हणाल तर ७१ ऐका. चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला. तो बंद ठेवून बाकी तिघांवर बोट बाहेर काढायची की नाही यावर खूप खल झाला. वेग कमी म्हणजे नुसतं उशिरा पोचणं नाही, विमान डेकवरून उडतं ते समोरच्या वाऱ्यावर, वारा पडलेला असेल तर बोटीने पळून तो तयार करावा लागतो, आणि बंगालच्या उपसागरात डिसेंबरात वारा कुठला. तरी कॅप्टन स्वराज प्रकाश यांनी चालवली. ४ डिसेंबरला सीहॉक कॉक्स बाजारवर, मग चितगाववर, आणि फ्रान्सची ती नाकावर पंखा असलेली अलिझे विमानं, तीसुद्धा कामाला होती. पाकिस्तानची गाझी पाणबुडी जिला शोधत विशाखापट्टणमपर्यंत आली आणि तिथेच बुडाली, ती हीच. विक्रांत तेव्हा अंदमानच्या बाजूला.

भातखाचर
काका, 'ती' म्हणताय. विक्रांत पुल्लिंगी ना? विक्रांत म्हणजे पराक्रमी पुरुष.

जुना_टर्नर
विक्रांत नाव पुल्लिंगी, बोट स्त्रीलिंगी, जहाज म्हटलंत तर ते नपुंसकलिंगी. तिन्ही लिंगं एकाच डेकवर. गोदीत आम्ही बोटच म्हणायचो. 'विक्रांत बोट बघायला गेलतो' असंच पोरं म्हणायची, २००१ नंतर ती संग्रहालय झाली तेव्हा. हँगरची उंची साडेसतरा फूट, पण आत शिरल्यावर ते छत डोक्यावर आल्यासारखं वाटायचं, त्यातच विमानं मांडलेली, आणि लिफ्टच्या चौकोनातून वरून ऊन पडायचं. विमानाचे पंख मिटवतात का ते तिथे उभं राहिल्यावर कळायचं.

गोदीकर
काका, हे मी तुमच्या परवानगीने उचलतो. तिची सेवा ३१ जानेवारी १९९७ पर्यंत, म्हणजे तीन वर्षांसाठी काढलेल्या आराखड्यातून जवळजवळ ३६ वर्षं. मधे १९८३ ला सी हॅरियर विमानं आली, मग कॅटापुल्ट काढून पुढे चढण असलेली स्की-जंप बसवली. स्की-जंपला कोणी मराठी शब्द सुचवू नका प्लीज, मागच्या वेळी 'बर्फउडी' आलं होतं.

लालपरी
कॅटापुल्टला गलोल चालेल पण. वाफेची गलोल. अर्थ, आकार दोन्ही पोचतात, आणि पोरांनाही कळतं.

शंकासुर
गलोल बरी आहे, लेखात एकदा वापरून पुढे कॅटापुल्टच ठेवा. आणि शेवट लिहिताना 'मोडीत निघाली' लिहा, 'विघटन' नको. २०१४ ला लिलाव, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला वाद, मग मुंबईच्या दारूखान्यात तोडकाम. तिच्या लोखंडातून पुढे मोटारसायकलीसुद्धा निघाल्या. कोलोससवाल्या दोघी चुलत बहिणी, अर्जेंटिनाची व्हेंतिसिंको दे मायो आणि ब्राझीलची मिनास जेराइस, त्याही शेवटी आपल्याच किनाऱ्यावर, गुजरातेत अलंगला तुटल्या.

गोदीकर
मोडीत निघाली, बरोबर. सहावीचं राहिलंच, लेव्हायथन. पाण्यात सोडली १९४५ ला, पण पुरी कधी झालीच नाही, कोणाच्याच नौदलात नाही, १९६८ ला भंगारात. तिचे बॉयलर मात्र मघाशी शंकासुरांनी सांगितलेल्या अर्जेंटिनावालीत बसवले, ती तेव्हा डच होती आणि तिच्या बॉयलरघराला आग लागली होती. काकांच्या नियमाने हिचं जलावतरण झालं, दाखल झाली नाही. तसंच लिहितो.

तर आता 'हलकी'चं. शंकासुरांचं म्हणणं मला पटलंय पण अर्धं. हलकी होती ती बांधणी, जहाज नाही. म्हणून मी 'हलक्या बांधणीची विमानवाहू' करतोय. बांधणी हा शब्द मधे आला की हलकी वजनावर राहते, दर्जावर सरकत नाही. पहिल्या उल्लेखात लाइट फ्लीट कॅरियर देवनागरीत देईन, पुढे सगळीकडे हेच.

शंकासुर
चालेल. एवढंच, शीर्षकात 'हलक्या बांधणीच्या विमानवाहूंचा ताफा' असं काही करू नका, सहा जणी कधी एकत्र निघाल्याच नाहीत, तीन देशांत वाटल्या गेल्या आणि एक गोदीतच राहिली.

भातखाचर
निमगरवी कंसात टाका की. एकदाच.

गोदीकर
विचारून बघतो बाईंना.