कामगाराला ‘दिशा’ देण्याआधी त्याची पाळी कधी सुटते ते विचारा

कांडीवाला
परवा इथं एकानं लांबलचक लिहिलं होतं. सार एवढंच, की आजचा कामगार मोबाईल आणि मिरवणुकीत हरवलाय, त्याची वर्गजाणीव मेलीय, तेव्हा कम्युनिस्ट पक्षांनी गल्लोगल्ली अभ्यासवर्ग घेऊन त्याला दिशा द्यावी. खाली लाईकचा पाऊस. मी गप्प बसलो होतो, पण काल कामावरून येताना परत आठवलं आणि डोकं फिरलं.

माझी आई जन्मभर विड्या वळत होती. वडील चादरीच्या कारखान्यात, जेकार्ड मागावर. मी पोरपणी सुताच्या कांड्या भरल्या, आता सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या एका युनिटमध्ये हजेरी आणि हिशेब बघतो. म्हणजे धड कामगार नाही, धड साहेब नाही. आईला वर्गजाणीव कुठल्या वर्गात मिळाली नाही, छाटात मिळाली. हजार विड्या घेऊन गेली की तपासणारा मूठभर उचलायचा, दोन बोटांत दाबून बघायचा, ‘तोंड नीट बंद नाही’ म्हणून बाजूला टाकायचा. बाजूला गेलेल्या विडीचे पैसे नाहीत आणि विडीही परत नाही. पान किडकं आलं तर तूट आईनं भरायची, पदरचं पान विकत घेऊन. एक दिवस लाल बावट्याची एक बाई तिथं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, छाट माझ्यासमोर काढा, आणि काढली ती माझ्यासमोर मोडा. त्या दिवशी छाट निम्म्यावर आली. तेव्हापासून युनियनची पावती आमच्या घरात रेशनकार्डाच्या पिशवीत असायची. याच्यापेक्षा मानाची जागा आमच्या घरात नव्हती.

आज तशी बाई उभी राहणार कुठं? जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी होत्या तेव्हा भोंगा झाला की हजारो माणसं एका गेटातून बाहेर पडायची. स्टूल टाकलं की सभा. आता एकेक शेड आणि शेजारी-शेजारी तीन नावांची तीन रजिस्टरं, म्हणजे वीसचा आकडा भरत नाही आणि पीएफ लागत नाही. बारा तासांची पाळी, वर अंगावर उचल. उचल असलेला माणूस मीटिंगला येत नाही, हे मी माझ्याच रजिस्टरात बघतो. आणि जेवणाचं पार्सल पोचवणाऱ्या पोराची छाट काढणारा कुठं बसतो, हे त्यालाच ठाऊक नाही. त्याला तुम्ही दिशा देणार? तो दिवसभर दिशेवरच पळतो की, मॅप लावून.

अभ्यासवर्ग राहू द्या. रात्री साडेआठनंतर टेबल टाका. पीएफचा यूएएन नंबर, ई-श्रमची नोंदणी, अपघाताची भरपाई, उचलीचा लेखी हिशेब. एवढं करा, मग बोला मार्क्सवर.

लाल_दत्तनगर
वा. टेबल टाका म्हणे! इथं चाळीस वर्षं टेबलच टाकलंय, तुम्ही वर गेलात म्हणून दिसत नाही. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीतली 10,000 घरं कुणाच्या मोर्च्यांनी झाली? 2006 ला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते लोकार्पणाला. रे नगर वसाहतीतली 30,000 घरं कुणी मागितली? त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला मिळाल्या. देशात दुसऱ्या कुठल्या कामगार चळवळीनं असंघटित माणसासाठी एवढी घरं उभी केलीत, एक नाव सांगा.

आणि अभ्यासवर्गाला हसू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, 29 जुने कामगार कायदे गेले. विजेवर चालणारा कारखाना कारखाना ठरायला आधी 10 माणसं लागायची, आता 20. कामगारकपातीला सरकारची परवानगी आधी 100 कामगारांपासून लागायची, आता 300 पासून. तुमच्या त्या तीन रजिस्टरांना आता कायद्यानंच कुंकू लावलंय. हे अर्ज भरून कळत नाही, त्याला बसून शिकावं लागतं.

हिशेब_चोख
तीन रजिस्टरं, तीन रजिस्टरं. मालकाला शिव्या घालून झाल्या असतील तर मीही बोलतो. चोवीस माग आहेत माझ्याकडे, त्यातले नऊ बंद. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळून वीस वर्षं झाली, तरी पानिपतचा माल ‘सोलापुरी’ लेबल लावून आमच्याच स्टँडसमोर विकतात. त्याच्याविरुद्ध कधी लाल मोर्चा निघाला? कामगार टिकवायला उचल मीच देतो. पोरीच्या लग्नाला, बापाच्या ऑपरेशनला. बँक देते का त्याला? उचल घेऊन दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेडमध्ये उभा राहतो, तेव्हा माझे पैसे कोण देणार, पॉलिटब्यूरो?

कांडीवाला
@हिशेब_चोख पानिपतचं खरं आहे, मान्य. उचल देता हेही मान्य. पण ती लिहिता कुठं? माझ्या वडिलांची उचल अकरा वर्षं फिटली नाही. डायरी मालकाची, पेन मालकाचं.

घरकुलची_लेक
घरांचा विषय निघालाच आहे तर ऐका. आम्ही कुंभारीलाच राहतो. माझ्या आईनं साखर पेठेतल्या एका खोलीत आठ माणसांचा संसार केला, त्यामुळं घर मिळालं त्याचं मोल मला शिकवू नका. उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहून ती तिथंच बसून राहिली होती, आत जायलाच तयार नाही. ही घरं लाल बावट्यामुळं मिळाली हे मी चौकात उभं राहून सांगेन.

पण घर मिळाल्यावर पुढं काय? शहर लांब, शेअर रिक्षाला जाता-येता पैसे, काम सगळं शहराच्या पूर्व भागात. मुलींना कॉलेजला जायचं तर सहाला घर सोडायचं. रस्ता, दिवाबत्ती, पाणी, प्रत्येक वेळी परत मोर्चा, परत पावती, परत तेच भाषण. आईच्या हाताखालचं काम कमी झालं, पूर्वी रोज हजार वळायची, आता पानच निम्मं मिळतं. जीएसटीत विडीवरचा सेस गेला, त्या सेसवर आमच्या शिष्यवृत्त्या चालायच्या. यावर कुणी घरी येऊन बोललं का? घराच्या चाव्या दाखवून किती वर्षं मतं मागणार?

लाल_दत्तनगर
मतं मागतो आणि मिळत नाहीत, हेच तर दुखणं आहे ताई. आमच्या माकपचे आडम मास्तर 1978, 1995, 2004 असे तीनदा आमदार झाले. 2004 नंतर गुलाल नाही. घर आमच्याकडून, फॉर्म आमच्याकडून, दवाखान्याची चिठ्ठी आमच्याकडून, आणि बटण दाबताना जात आठवते, नाहीतर देव आठवतो.

सात_रस्ता_कट्टा
आता विषय काढलाच आहे तर सगळं बोला की. 9 जानेवारी 2019 ला रे नगरच्या पायाभरणीला मोदी आले, मास्तरांनी व्यासपीठावर कौतुक केलं, आणि तुमच्याच पक्षानं त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. ज्या माणसानं घरं आणली त्यालाच शिक्षा! दिल्लीत बसणाऱ्यांना कुंभारी कुठल्या दिशेला आहे हे तरी माहीत असेल का?

लाल_दत्तनगर
शिस्त म्हणतात त्याला. तुमच्या पक्षात नसते म्हणून ओळखू येत नाही.

सात_रस्ता_कट्टा
माझा कुठलाच पक्ष नाही बे. शिस्त मतदारानं मोडली तर त्यालाही निलंबित करणार का?

गिरणीचा_भोंगा
मास्तरांची बाजू घेणारा मी पहिला, तरी सांगतो, पक्ष चुकला नव्हता. घर हा हक्क आहे म्हणून आपण पंधरा-पंधरा वर्षं मोर्चे काढायचे, आणि शेवटच्या दिवशी जो चावी देतो त्याचेच आभार मानायचे, तर बाईला घर कुणामुळं वाटणार? 2024 च्या चावीवाटपात पंतप्रधानांचा गळा दाटून आला ते सगळ्या टीव्हीनं दाखवलं. मोर्च्यात पूनम गेटसमोर उन्हात बसलेल्या बायका कुठल्या चॅनेलनं दाखवल्या?

सात_रस्ता_कट्टा
म्हणजे आभार मानायचे नाहीत, पण निधी घ्यायचा.

गिरणीचा_भोंगा
निधी सरकारचा. सरकार माझ्या करातून चालतं. कामगाराचा वाटाही होता त्यात. आभार कुणाचे मानू, स्वतःचे?

घरकुलची_लेक
तुम्ही दोघं आभारावर भांडा. आमच्या गल्लीतला दिवा गेल्या महिन्यापासून बंद आहे.

निळी_गल्ली
लाल_दत्तनगर यांनी ‘जात आठवते’ म्हणून जो सूर लावला, त्यावर बोलल्याशिवाय पुढं जाणार नाही. गिरणीत जास्त पगार विणाई खात्यात. तिथं अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा धोट्यातून तोंडानं ओढावा लागे आणि विटाळ व्हायचा. मुंबईच्या संपाच्या काळात हा प्रश्न बाबासाहेबांना लावून धरावा लागला, लाल पुढाऱ्यांना तो आपणहून सुचला नाही. जात आम्हाला बटण दाबताना आठवत नाही, तुम्ही गेटावरच आठवून दिली होती.

तरीही 7 नोव्हेंबर 1938 ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर गेलेच. म्हणजे जमतं. पण तेव्हा कुणी कुणाला दिशा देत नव्हतं, दोघं बरोबरीनं उभे होते.

लाल_दत्तनगर
विणाई खात्याचं नाकारत नाही. चूक होती. पण नव्वद वर्षांपूर्वीची पावती दरवेळी दाखवणार का?

निळी_गल्ली
तुम्ही 2006 ची दाखवता तोपर्यंत, हो.

गिरणीचा_भोंगा
😄 हे बसलं. सोलापुरातही सांगण्यासारखं आहे. गिरणी कामगारांत काम करणारे कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवायचे. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर फाशी गेले. चार नावं वाचा, चार वेगवेगळ्या वस्त्या आहेत. आज त्या चौघांच्या पुतळ्यांना हार घालायला चार वेगळ्या वेळेला चार वेगळे गट जातात.

चाकण_बी_शिफ्ट
मी सोलापूरचाच, आयटीआय करून चाकणला. आमच्यासारख्या पोरांनीच पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेस भरते, आणि तुम्ही कामगार शोधताय पूर्व भागात! लाईनवर आम्ही नव्वद जण, कायम फक्त सात. बाकी कुणी ट्रेनी, कुणी ठेकेदाराचा. वर्ष भरायच्या आत ब्रेक, परत नवीन कार्ड. माझं बोट प्रेसमध्ये चेंगरलं तेव्हा ठेकेदारानं आधी आयकार्ड काढून घेतलं, मग दवाखान्यात नेलं. चौदा टाके. केसपेपरवर ‘घरी पडल्यामुळे’ असं लिहिलंय, अजून जपून ठेवलाय.

तेव्हा एका लाल युनियनच्या ऑफिसात गेलो होतो. कुठल्या ते सांगत नाही. तिथल्या काकांनी चहा पाजला आणि पाऊण तास साम्राज्यवादावर बोलले. वाईट माणूस नव्हता. पण मला फक्त विचारायचं होतं की ठेकेदारावर केस करायची तर कागद कुठला लागतो. ते म्हणाले, आधी पोरांची कमिटी करा. कमिटी केली, व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तिसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट एचआरकडं. चौघं बाहेर, त्यात मी.

सात_रस्ता_कट्टा
मग? कम्युनिस्टांचा दोष काय त्यात, स्क्रीनशॉट तुमच्याच पोरानं पाठवला.

चाकण_बी_शिफ्ट
हो, माझ्या खोलीतल्याच पोरानं. त्याला कायम करतो म्हणाले होते. केलं नाही. मी त्याला शिव्या घालत नाही, त्याच्या घरी कर्ज आहे. पण ‘वर्गजाणीव मेली’ म्हणणाऱ्यानं एक महिना त्या खोलीत राहून दाखवावं.

लाल_दत्तनगर
साथी, तुमच्याबरोबर झालं ते चुकीचं झालं. अपघाताची नोंद आधी, कमिटी नंतर, हे कुठल्याही जुन्या कार्यकर्त्याला कळायला हवं होतं. पण मघापासून सगळे असं बोलताय की पक्षाकडं फौज आहे आणि ती मुद्दाम बसून आहे. पूर्णवेळ माणसं किती उरलीत माहीत आहे? जी आहेत ती साठीच्या पुढची. 9 जुलै 2025 च्या देशव्यापी संपाला घसा बसेपर्यंत ओरडलो, त्याआधी दोन रात्री पत्रकं मीच चिकटवली, खळही मीच शिजवली. तुमची पिढी येणार नाही आणि वरून आम्हाला शिकवणार.

निळी_गल्ली
येतील कशाला? शंभर वर्षं झाली तरी पक्षाचा वाढदिवस 1920 चा ताश्कंद की 1925 चा कानपूर यावर दोन लाल पक्षांचं जमेना.

लाल_दत्तनगर
त्या थट्टेनं एक तरी कामगार संघटित होतो का?

हिशेब_चोख
माझ्या शेडमध्ये तरी नको.

कांडीवाला
लाल_दत्तनगर, खळीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. चाळीस वर्षं काही केलं नाही असं मी म्हटलंच नव्हतं. पण बघा, सकाळपासून आपण घरावर सगळ्यात जास्त भांडलो आणि त्या घरात राहणारी बाई दिव्याचं विचारतीय, तिला एकानंही उत्तर दिलं नाही. मीसुद्धा नाही.

माझा मुद्दा थोडा बदलतो. अभ्यासवर्ग बंद करा म्हणालो ते रागात. संहितेचं ते 10 चं 20 मला इथंच कळलं, रोज रजिस्टर लिहीत असून कळलं नव्हतं. पण तेच टेबलावर सांगा की. पोरगा यूएएन काढायला आला की त्याला दाखवा, तुझ्या शेडमध्ये अठरा माणसं का आहेत आणि विसावा माणूस का कधी येत नाही. ॲपवाल्या पोराला सांगा, सामाजिक सुरक्षेच्या संहितेत कंपनीनं उलाढालीच्या 1 ते 2 टक्के भरायचे लिहिलंय, ते तुझ्यापर्यंत कसे येणार ते विचारायला चल. तिथं त्याला भाषण वाटणार नाही.

लाल_दत्तनगर
बरं. म्हणजे आम्ही जे करतो तेच, फक्त रात्री साडेआठला. क्रांतीच झाली म्हणायची.

कांडीवाला
हसा. ऑफिस किती वाजता बंद होतं?

लाल_दत्तनगर
सातला.

कांडीवाला
आणि पाळी सुटते आठला.

लाल_दत्तनगर
…शनिवारी साडेआठला उघडं ठेवतो. कन्ना चौकातून आत या. रजिस्टरवाले साहेब, तुम्हीही या, फॉर्म भरायला अक्षर चांगलं लागतं. ताई, तुमच्या आईचं विडीचं कार्ड आणि त्या बंद दिव्याच्या खांबाचा नंबर घेऊन या.

चाकण_बी_शिफ्ट
माझा केसपेपर चालेल का? तीन वर्षं जुना आहे.

लाल_दत्तनगर
आणा. चालेल की नाही ते बघून सांगतो, आधीच कबूल करत नाही.

घरकुलची_लेक
शनिवारी आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे. चार दिवसांनी येतं, तेही रात्री. रविवारी ठेवा.