दोन प्रणालींचे निष्कर्ष जुळत नसतील, तर अशुद्धीचे वर्गीकरण कसे करावे?

प्रश्नकर्ता (प्रक्रिया विकास):
आमच्या औषधनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या एका अ‍ॅरोमॅटिक अमाइन इंटरमीडिएटचा (मधल्या टप्प्यातील संयुगाचा, ज्यात बेंझीनसारख्या कड्यावर अमाइन गट आहे) अंश अंतिम औषधात उतरण्याची शक्यता आहे. त्याची रचना तपासली असता डेरेक नेक्सस या नियमाधारित प्रणालीने उत्परिवर्तनाचा इशारा दिला. सांख्यिकी प्रारूपाचे उत्तर मात्र नकारात्मक आले. अशा वेळी कोणाचे मानावे? एम्स चाचणी (जिवाणूंवरची उत्परिवर्तन चाचणी) न करता ते निर्धोक म्हणता येईल का? औषधाची कमाल दैनिक मात्रा 500 मिलिग्रॅम आहे.

विषशास्त्र अभ्यासक:
औषधांतील उत्परिवर्तक अशुद्धींविषयीच्या आयसीएच एम7 या 2014 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत एक नियमाधारित आणि एक सांख्यिकी अशा दोन पूरक पद्धती सांगितल्या आहेत, पण त्यांच्यात मतमोजणी करायची नसते. दोन्हींत इशारा नसेल, तर चाचणीविना वर्ग 5 (उत्परिवर्तक न मानली जाणारी अशुद्धी) मिळतो. एका प्रणालीने इशारा दिला असेल, तर तो का लागू नाही हे तज्ज्ञाने रसायनशास्त्राच्या आधारे लिहून द्यावे लागते. सांख्यिकी प्रारूपाने कोणत्या संयुगांवरून उत्तर काढले तेही उघडून पाहा. त्यांत तुमच्या रेणूसारखे अमाइन एकही नसेल, तर त्या नकाराला फारसे वजन नाही. अमाइनवरचा इशारा मात्र हवेतला नाही. 1988 मध्ये अ‍ॅशबी आणि टेनंट यांनी मांडलेल्या संशयास्पद रचनांत अ‍ॅरोमॅटिक अमाइन होतेच, आणि कारणही ठाऊक आहे: यकृतातील विकरे त्याचे हायड्रॉक्सिलअमाइन करतात आणि पुढे तयार होणारा क्रियाशील घटक डीएनएला चिकटतो. त्याच कड्यावर सल्फॉनिक आम्लाचा गट असेल, तर हा धोका सहसा मावळतो. तुमच्या रेणूत तसे काही आहे का?

प्रश्नकर्ता:
सल्फॉनिक गट नाही. अंतिम औषधात तेच अमाइन अमाइडच्या रूपात आहे आणि औषधाची एम्स चाचणी नकारात्मक आहे. त्या आधारावर वर्ग 4 (इशारा आहे, पण तोच गट असलेले औषध चाचणीत उत्परिवर्तक ठरलेले नाही) मागावा का?

औषध नियमन सल्लागार:
मागू नये. वर्ग 4 साठी इशारा देणारा गट औषधातही त्याच रासायनिक परिसरात असावा लागतो, आणि अमाइड म्हणजे मोकळे अमाइन नव्हे. त्यामुळे सध्या वर्ग 3 (इशारा आहे, पण चाचणीचा निकाल नाही) धरावा. दीर्घकालीन औषधासाठी दिवसाला 1.5 मायक्रोग्रॅमची मर्यादा धरली, तर 500 मिलिग्रॅमच्या मात्रेला ती 3 पीपीएम (दशलक्षात 3 भाग) भरते. एम्स चाचणी करून ती नकारात्मक आली, तर प्रश्नच मिटतो. तोवर दुसरी वाट तुमच्या प्रक्रियेतच असू शकते: अमाइडच्या टप्प्यानंतर पातळ आम्लाची धुलाई होत असेल, तर उरलेले अमाइन क्षार होऊन पाण्याच्या थरात जाते. मुद्दाम अमाइन मिसळून ते किती निघून जाते याचे आकडे द्या. असे आकडे भक्कम असतील, तर प्रत्येक बॅच तपासण्याची गरजही उरत नाही.

विषशास्त्र अभ्यासक:
एक पुरवणी. अमाइड करण्यासाठी आम्ल क्लोराइड वापरत असाल, तर त्याची रचनाही स्वतंत्रपणे तपासा. तिथे एम्स चाचणीचा निकालच कधी कधी फसवा असतो, कारण डीएमएसओ द्रावकाशी आम्ल क्लोराइडची क्रिया होऊन भलताच उत्परिवर्तक पदार्थ तयार होतो. अशा संयुगाबाबत चाचणीसाठी कोणते द्रावक वापरले, हे प्रयोगशाळेला आधी विचारावे.