'काया' म्हणजे नारळाचा मुरंबा का?

विचारणा: मेलबर्नच्या एका आशियाई दुकानात 'कोकोनट जॅम'च्या फळीवर तीन रंगांच्या बरण्या दिसल्या: हिरवी, तपकिरी आणि जवळपास काळी. दोनवर 'काया' लिहिलंय. याला मराठीत मुरंबा म्हणावं का? घरी शाकाहारी माणसं आहेत, घ्यावी कोणती?

प्रतिसाद: मुरंबा नकोच. त्यात फळ पाकात मुरावं लागतं. काया म्हणजे नारळाचं दूध, साखर आणि अंडी मंद आचेवर घोटून घट्ट केलेली. म्हणजे दोन्ही काया शाकाहारींसाठी बहुधा बाद. लेबलवरच्या मलय शब्दांत 'तेलूर' म्हणजे अंडं, 'सान्तान' म्हणजे नारळाचं दूध, 'गुला' म्हणजे साखर. काळपट बरणी फिलिपिन्सची असेल तर पाहा, तिथला 'कोको जॅम' सहसा नारळाचं दूध आणि गूळसाखर एवढ्यावरच होतो. तरी घटक वाचूनच घ्या.

प्रतिसाद: मलय भाषेत 'काया' म्हणजे श्रीमंत. पूर्ण नाव 'सेरी काया'. इंडोनेशियात मात्र 'स्रीकाया' सीताफळालाही म्हणतात, त्यामुळे पाककृती शोधताना भलतंच हाती लागतं.

हिरवी ती न्योन्या (तिथल्या चिनी-मलय मिश्र समाजाच्या) पद्धतीची, पांदान पानांची. पांदान आपल्या केवड्याच्याच कुळातलं, पण वास वेगळा, नव्या तांदळाच्या भातासारखा. तपकिरी ती हैनानी (चीनच्या हैनान बेटावरून आलेल्यांची), करपवलेल्या साखरेची. मला तीच आवडते. हिरव्या बरणीच्या घटकांत 102 आणि 133 हे आकडे (कृत्रिम पिवळा आणि निळा रंग) असतील तर तो रंग पानाचा कमी, डब्यातला जास्त. घटकांत साखर पहिली आणि नारळ बराच खाली असेल तर ठेवून द्या.

प्रतिसाद: पण ती काया की तो काया?

प्रतिसाद: आमच्याकडे 'तो'. 'ती काया' म्हटलं की कीर्तन सुरू झाल्यासारखं वाटतं! शिवाय 'कायेचा टोस्ट' कोण खाणार? हलवा-हलव्याचा या चालीवर 'काय्याचा' व्हायला हवं, पण तसं कुणी म्हणत नाही. 'कायाचा टोस्ट' रुळलाय, तोच बरा.

प्रतिसाद: टोस्टमध्ये थंड लोण्याचा जाड काप ठेवा, पसरवू नका. मलेशिया-सिंगापूरच्या कोपितियाममध्ये, म्हणजे जुन्या धाटणीच्या कॉफीच्या दुकानात, तसाच देतात, सोबत अर्धकच्ची अंडी, सोया सॉस आणि पांढरी मिरपूड. बरणी उघडली की फ्रिजमध्ये, चमचा कोरडा.