मदत हवी आहे: बाळंतपणाला २४ दिवस झाले, बहीण सारखी रडते, कोणाला दाखवावं?

धाकटी बहीण माहेरी आहे, सातारा जिल्ह्यात, खेड्यात. बाळ पूर्ण दिवसांचं, वजन वाढतंय. पण बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही, जेवण दोन घास, "मला जमणारच नाही" हेच चालू. आई म्हणते, सव्वा महिना होऊ दे, होईल ठीक. थांबावं का? औषध लागलं तर अंगावरचं दूध तोडावं लागतं का?

प्रतिसाद १
ताई, थांबू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होणारं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. २४व्या दिवशीही आहे आणि बाळ झोपलेलं असताना झोप नाही, म्हणजे हा नुसता थकवा नव्हे.

१४४१६ वर फोन लावा. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. घरच्यांनी केला तरी चालतो. मग बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणारी एडिनबरा प्रश्नावली भरून घ्या: १० प्रश्न, गेल्या ७ दिवसांबद्दल, प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज १३ किंवा जास्त आली तर मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी न्या. मात्र तिला एकटीला भरू द्या. आई शेजारी बसली की उत्तरं बदलतात.

हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या, रक्त कमी असणं किंवा थायरॉईड बिघडणं असंच दिसतं. आशाताईंची २८व्या दिवसाची भेट जवळ आली आहे, त्यांना बाळाइतकंच बाळंतिणीबद्दल सांगा.

दूध सहसा तोडावं लागत नाही. सर्ट्रालीनसारखं नैराश्यावरचं औषध दुधात फारच कमी उतरतं. अंगावर पाजते हे डॉक्टरांना आधी सांगा. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. पाचव्या दिवशी "फरक नाही" म्हणून गोळ्या बंद करणं ही नेहमीची चूक.

प्रतिसाद २
रात्रीचं बघा. तिला सलग पाच तास झोप हवी, तुटक आठ तास नव्हे. नऊला पाजून तिने दुसऱ्या खोलीत झोपायचं, दोनपर्यंत बाळ आजीजवळ. मधल्या वेळेसाठी ६० ते ९० मिली दूध आधी काढून ठेवा, सकाळी जास्त निघतं. बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. गॅसवर तापवू नका, वाटी गरम पाण्यात धरा आणि चमच्याने पाजा. बऱ्याच घरांत उलटं होतं: दिवसा सगळे बाळ घेतात, बाळंतीण पाहुण्यांना चहा करते आणि रात्री एकटी जागते.

प्रतिसाद ३
एक वेगळी खूणही ध्यानात ठेवा. असंबद्ध बोलणं, घरच्यांवर संशय, कानात आवाज, झोप नसूनही अंगात जोर: हे दिसलं तर अंगारे-धुपारे करत बसू नका. १०८ बोलवा, बाळाजवळ तिला एकटी ठेवू नका. दाखल करावं लागलं तरी २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून तोडत नाहीत.

ताई
आजपासून रात्री नऊ ते दोन बाळ आजीकडे. फोन आत्ताच लावते.